सरासरीची निळी रेघ

आचलनं पहिल्यांदा आलेख काढला तेव्हा तो वेड लागल्यासारखा आला. उभ्या अक्षावर सातच्या वर बारा, बाराच्या वर साडेचार आणि साडेचारच्या डोक्यावर नऊ. आकड्यांना काही धरबंधच नव्हता. वरूड तालुक्यातल्या निरीक्षण विहिरींमध्ये पाणी जमिनीपासून किती मीटर खाली आहे, एवढंच तिला दाखवायचं होतं. अकोल्याच्या त्या छोट्याशा संस्थेत तिला लागून वर्षही झालं नव्हतं. विहिरीत टेप सोडून पाणी मोजणारी माणसं वेगळी होती. ती मोजत, फाइल पाठवत, आणि आचल त्या फाइलवरून पायथनमध्ये आलेख काढत असे.

बिघाड का झाला हे तिनं इंटरनेटवर शोधलं आणि उत्तर लगेच सापडलं. फाइलच्या रकान्यात आकड्यांबरोबर कुठेतरी शब्द घुसले होते, त्यामुळे संगणकानं सगळा रकानाच शब्दांचा धरला आणि जे जसं आलं तसं एकावर एक रचून टाकलं. उपाय एका ओळीचा होता. आकडा असेल त्याला आकडा कर, नसेल ती जागा रिकामी सोड. आचलनं ती ओळ उचलून आपल्या प्रोग्रॅममध्ये चिकटवली आणि अक्ष शहाण्यासारखा सरळ झाला. ते शब्द कोणते होते, हे तिनं पाहिलं नाही. चूक नाहीशी झाली की तिची चौकशी करत बसायला वेळ कुणाला असतो? पण करायला हवी होती, हे आता कुणीही सांगेल.

मग तिनं आलेख सजवायला घेतला. अक्ष उलटा केला, म्हणजे जमीन वर आणि पाणी खाली, विहिरीत डोकावल्यावर दिसतं तसं. महिन्यांची नावं मराठीत यायची तर त्यांच्या जागी नुसते चौकोन उमटत होते, तो फॉन्ट बदलण्यात तिची अख्खी दुपार गेली. सगळ्या विहिरींची मिळून एक सरासरी काढली आणि तिची जाड निळी रेघ ओढली. ती रेघ पावसाळ्यानंतर जराशी खाली उतरत होती, नोव्हेंबरात थबकत होती आणि डिसेंबरात चक्क थोडी वर येत होती. दोन हजार अठराच्या पावसानं सप्टेंबरातच पाठ फिरवली होती, तरी पाणी वर! तिचे साहेब धर्मपाल सर खांद्यावरून डोकावून म्हणाले, "बरं दिसतंय." आचललाही बरं वाटलं. गावाकडची चांगली बातमी कुणाला नको असते?

गाव म्हणजे शेंदूरजनाघाट, आणि तिच्या घरी संत्र्याची बाग. संत्र्याचं एक आहे, त्याला आधी तहानेनं तडफडवावं लागतं. आंबिया बहार, म्हणजे हिवाळा सरताना येणारा फुलोरा, धरायचा तर हिवाळ्यात झाडांचं पाणी तोडायचं, पानं मलूल होईपर्यंत ताण द्यायचा आणि संक्रांतीच्या सुमाराला पाणी सोडून तो ताण तोडायचा. मग झाड फुलून येतं. पण एकदा फुललं की माघार नाही. फळ धरलेल्या झाडाला वैशाखापर्यंत पाणी पाजावंच लागतं, नाही पाजलं तर फळ जातंच आणि झाडही जातं. म्हणून पाणी पुरेल की नाही याचा अंदाज घेऊनच माणूस ताण तोडतो, आणि तो अंदाज त्या वर्षी कुणालाच येत नव्हता.

संक्रांतीच्या आधी जानरावांचा, म्हणजे तिच्या वडिलांचा फोन आला. "आचल, तू तं पान्याचंच काम करून राहिली ना तिकडं? यंदा पानी पुरन काय? ताण तोडू का नको?"

"बाबा, इथं तं पाणी वर येऊन राहिलं," ती म्हणाली आणि आलेखाचा फोटो पाठवून दिला.

जानरावांना लेकीचा कोण अभिमान. त्यांनी तो फोटो आधी बांधाला लागून बाग असलेल्या गुलाम नबींना दाखवला. गुलाम नबींनी उभा जन्म दुसऱ्यांसाठी संत्र्याची कलमं बांधण्यात घालवला होता. उतारवयात कुठे त्यांनी चढावरचा एक तुकडा घेऊन स्वतःच्या हातच्या कलमांची बाग उभी केली होती, आणि ती यंदा पहिल्यांदाच भरून बहार देणार होती. आचलला त्यांनी कडेवर खेळवलं होतं. त्यांनी फोटो आपल्या मोबाइलवर मागून घेतला, आणि तिथून तो कुठे कुठे गेला याचा हिशेब कुणाकडेच नव्हता.

फेब्रुवारी लागला. अहवाल छपाईला जायचा होता, तेव्हा धर्मपाल सर म्हणाले, "नुसती सरासरी नको. प्रत्येक विहिरीची बारीक करडी रेघ मागे टाक, सरासरी तिच्यावर असू दे. शोभून दिसेल."

काम पाच मिनिटांचं. आचलनं ते केलं आणि कपाळाला आठी पडली. डावीकडे करड्या रेघांची दाटी होती, पण उजवीकडे सरकावं तशी ती विरळ होत होती. कोणती रेघ ऑक्टोबरात तुटली होती, कोणती नोव्हेंबरात. काही मध्येच थांबून पुन्हा उगवत होत्या आणि परत गडप होत होत्या. डिसेंबरच्या टोकाला जेमतेम चार-पाच उरल्या होत्या. तिला वाटलं, आलेखच बिघडलाय. तिनं अक्षाच्या मर्यादा वाढवून पाहिल्या. तारखांमध्ये दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली असेल, म्हणून तेही तपासलं. रंग जास्तच फिका झाला की काय, म्हणून रेघा काळ्या केल्या. काळ्या रेघा तर आणखीच ठळक तुटलेल्या दिसल्या.

शेवटी तिला आपली ती एका ओळीची मात्रा आठवली. जी जागा रिकामी असते तिथे रेघ तुटते, आणि जागा रिकाम्या तिनंच केल्या होत्या. त्या ओळीनं गिळलेले शब्द तिनं संगणकाला पडद्यावर मांडायला लावले. कोरडी. कोरडी. तळ दिसते. कोरडी. गाळ. कोरडी. पडदा भरला तरी यादी संपेना. मोजणाऱ्या माणसांनी टेप सोडला होता, पाणी लागलं नव्हतं, तसं त्यांनी इमानानं लिहून पाठवलं होतं. आणि तिनं ते पुसून टाकलं होतं.

आता निळ्या रेघेचा अर्थ लागायला वेळ लागला नाही. विहिरी एकेक करून आटत गेल्या, आणि आटलेली प्रत्येक विहीर हिशेबातून बाहेर पडत गेली. मागे राहिल्या त्या नाल्याकाठच्या, तलावाच्या खालच्या अंगाच्या, ज्यांना पाणी वरच असतं. नापास होणारी पोरं शाळा सोडून गेली की वर्गाचा निकाल सुधारतो, तसली ही सुधारणा होती. दुष्काळ जितका वाढेल तितकी ती रेघ वर चढत जाणार होती.

तिनं लगेच फोन लावला. "बाबा, ताण तोडला काय?"

"कवाचा. बहार असा फुटला का पान दिसत नाई. तू येऊन तं पाह्य एकडाव."

ती दुसऱ्या दिवशीच निघाली. अमरावतीला गाडी बदलली, मोर्शी मागे पडली आणि वरूडच्या अलीकडेच उघड्या खिडकीतून संत्र्याच्या फुलांचा वास आत आला. लहानपणी हा वास आला की घर आलं असं तिला वाटायचं. आज तो थांबेचना. दर वळणावर जास्तच दाट होत गेला, आणि जिथवर वास तिथवर ताण तुटलेला आहे, हे तिला कळत होतं. शेजारची बाई कौतुकानं म्हणाली, "यंदा सारा शिवार फुलला, माय." आचलनं मान खाली घातली.

बागेत जानरावांना तिनं सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. ते रागावले नाहीत. ते रागावले असते तर तिला सोसलं असतं. त्यांनी एका झाडाच्या बुंध्याला हात लावला. मग म्हणाले, "फळ नाई धरू दिलं तं झाड कमी पान्यात तग धरन. बहार झाडून टाकू." आणि काठी आणायला गेले.

आचल बांध ओलांडून गुलाम नबींकडे गेली. त्यांची झाडं नुसती पांढरी झाली होती. तिनं आपल्या मोबाइलवर नवा आलेख उघडून त्यांच्या हातात दिला. "चाचा, पयला फोटो माहा चुकला होता. खरं हे आहे."

गुलाम नबींनी चष्मा लावला, मोबाइल जवळ धरला, लांब धरला. "बेटा, हे तं तुटलेलं आहे. पूरं निघालंच नाई. पयलं कसं साफ होतं."

"तुटलेलं नाई, चाचा. जिथं रेघ सरते तिथं इहीर सरली. तुमच्या वरच्या अंगाच्या साऱ्या सरल्या."

"माह्या इहिरीत पानी आहे. सकाळीच पायलं मी."

"आज आहे. मी मे महिन्याचं बोलून राहिली. बहार झाडून टाका, चाचा. बाबा झाडून राहिले."

त्यांनी बांधापलीकडे पाहिलं. जानराव पहिल्या झाडाखाली उभे राहून फांद्यांवर काठी मारत होते आणि फुलं त्यांच्या टोपीवर, खांद्यावर पडत होती. गुलाम नबींचा चेहरा वेडावाकडा झाला. स्वतःच्या हातानं बांधलेल्या कलमाचा पहिला बहार त्यांनी आत्ता कुठे पाहिला होता, आणि ही पोर म्हणत होती, तो काठीनं झोडून टाका. त्यांना तिचं खोटं वाटलं असं नाही. त्यांना ते ऐकवतच नव्हतं. आचलला ते दिसत होतं, आणि पहिला फोटो आपणच पाठवला होता, हेही ती विसरली नव्हती.

"तू लांबून आली, थकली असशीन," ते मायेनं म्हणाले आणि मोबाइल तिच्या हातात परत ठेवला. "घाई नको करू. बसून नीट कर हे, मंग पाठव मले. पयलंही तूच केलं होतं ना?"

तेवढ्यात विजेची लाइन आली. शिवारभर एकामागून एक विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या. गुलाम नबी घाईघाईनं आपल्या विहिरीकडे गेले. लाइन फार वेळ राहत नसे.

आचल परत आली. जानरावांनी दुसरी काठी तिच्या हातात दिली. तिनं पहिल्या फांदीवर मारली ती फार हलकी बसली, म्हणून पुन्हा मारली. पलीकडे चाचांच्या पाइपातून भरघोस पाणी पडत होतं, आणि अजून फेब्रुवारीच चालू होता.