विटला की डागाळला

लॉन्ड्रीत तिला सगळे भिंगबाई म्हणत. तक्रारीचा कपडा आला की ती भिंगाखाली धरी आणि चिठ्ठीवर एकच शब्द लिही. रंग आपसूक उडालेला असेल तर ‘विटला’, धुताना बिघडलेला असेल तर ‘डागाळला’. डागाळलेला दुकान स्वतः रंगवून देई आणि धुणारीला घरी बसवी. विटलेला मात्र तसाच परत.

तिची आई अशीच घरी बसली होती. लॉन्ड्रीच्या जुन्या साहेबानं गिऱ्हाइकाचा निळा पडदा दोन महिने दुकानाच्या काचेत उन्हाला टांगून ठेवला आणि पट्टे पडल्यावर चिठ्ठीत आईच्या नावापुढे ‘डागाळला’ लिहून हात झटकले. आई मरेपर्यंत स्वतःचे हात उलटसुलट करून बघत राहिली. ती चिठ्ठी आणि पडद्याची कापलेली कड भिंगबाईनं जपून ठेवली होती. अशा माणसाला ती माफ करणाऱ्यातली नव्हती.

परवा तोच साहेब काळा कोट घेऊन आला. संध्याकाळी त्याचा सत्कार होता आणि कोटाचे खांदे तपकिरी पडले होते. तुमच्या धुणारीनं वाट लावली, म्हणाला.

भिंगबाईनं खांद्याची शिवण चिमटीत धरून उसवली. आत कापड काळंभोर. डाग शिवणीत शिरतो, ऊन शिरत नाही, हे त्यानंच एके काळी सगळ्यांना शिकवलं होतं.

“याला काय म्हणायचं, साहेब?”

धुणाऱ्या तिघी काम सोडून बघत होत्या. त्यानं शिवणीत बोट घालून पाहिलं. “विटलाय.”

मग तिनं आईची चिठ्ठी आणि पडद्याची कड पुढे ठेवली. दुमडीच्या आत गडद निळी. त्याला भिंग लागलं नाही. संध्याकाळपर्यंत कोट रंगवून मिळेल का, एवढंच त्यानं हळूच विचारलं.

“आधी आईची चिठ्ठी दुरुस्त करा.”

त्यानं ‘डागाळला’ खोडलं, ‘विटला’ लिहिलं. तिनं सांगितलं तसं खाली ‘उन्हात मी ठेवला’ लिहून सही केली. मग मोठ्या आशेनं कोट पुढे सरकवला. मागे काळ्या रंगाचं पातेलं वाफाळत होतं, ते त्यालाही दिसत होतं.

भिंगबाईनं कोटाची नीट घडी घातली, ‘विटला’ अशी नवी चिठ्ठी टाचली आणि कोट परत दिला.

“विटलेला तसाच परत, साहेब. नियम तुमचाच आहे.”

तो उसवल्या खांद्यानं सत्काराला गेला असेल, या विचारानं तिला त्या रात्री छान झोप लागली.