पडद्याआडची किणकिण

सातव्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात काहीतरी किणकिणलं. रेकॉर्डिस्ट बाईंनी तेवढाच तुकडा पुन्हा लावला. बारीक, धातूचा आवाज. गाण्यातल्या कुठल्याच वाद्याचा नव्हे.

"ऐकलंत ना?" मागच्या कोचावरून गिटारवाला म्हणाला. "मी काय बोंबलत होतो पहिल्या दिवसापासून?"

पुरुषांनी केस फुगवून, काजळ घालून, चकचकीत तंग विजारींत गिटारी किंचाळवायच्या, त्या ग्लॅम मेटलच्या जमान्यात हा बँड जोरात होता. गायकाला सगळे मोर म्हणत; गिटारवाला मात्र दाजी म्हणायचा, कारण तो त्याच्या ताईचा नवरा. मोराच्या मनगटांत डझनभर कडी असायची आणि ती माइकमध्ये वाजू नयेत म्हणून दर रेकॉर्डिंगला गिटारवाला स्वतः त्यांना कापडी चिकटपट्टी गुंडाळून द्यायचा. मग भांडण झालं, बँड फुटला. आता बावीस वर्षांनी, तेव्हा अर्धवट राहिलेली गाणी घेऊन चौघं पुन्हा स्टुडिओत आले होते. मोराच्या डोक्यावरचे केस गेले होते, हातातली कडीही गेली होती.

"मग कडी वाजली कुणाची?" गिटारवाला म्हणाला. "जुन्या टेपा दाजींकडेच आहेत. तेव्हाचा गळा उचलून इथे चिकटवतायत. साठीत असा सूर लागतो का कुणाचा? आणि तो पडदा कशाला?"

पडदा मोराने मागून घेतला होता. गाण्याच्या खोलीच्या काचेवर आतून जाड कापड. 'मेकअपशिवाय मला कुणी बघायचं नाही,' एवढंच कारण; त्या खोलीत ये-जाही तो मागच्या दारानेच करायचा.

"तुमचे सख्खे दाजी आहेत ते," बाई म्हणाल्या.

"ताईचा नवरा म्हणूनच बावीस वर्षं बाहेर कुठे बोललो नाही. शेवटच्या अल्बमवर नाव माझं आणि बोटं दुसऱ्याची! माझे तुकडे गुपचूप भलत्याकडून वाजवून घेतले त्यांनी. या खेपेला लबाडी निघाली तर गिटार उचलतो आणि चालू पडतो. मग करा तुमचा अल्बम."

बाईंच्याही मनात पाल चुकचुकली होती. परवा खोली आवरताना त्यांनी पाहिलं होतं, की मोराच्या हेडफोनची वायर कुठेच जोडलेली नव्हती. शेजारच्या खोबणीत मात्र दुसराच हेडफोन लावलेला. ज्याच्या कानात संगीत पोचतच नाही, तो तालात गातो कसा?

नुसत्या संशयावर बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी त्या कडव्याची ध्वनिरेषा संगणकावर मोठी करून किणकिणी मोजायला घेतल्या. सोळा किणकिणी, दर ठोक्याला एक. हवेत हात फेकणाऱ्या माणसाची कडी अशी शिस्तीत वाजत नाहीत. आणि प्रत्येक किणकिण ड्रमच्या किंचित आधी.

"ही जुनी टेप नाही," त्या म्हणाल्या. "हे ड्रम मागच्या आठवड्यात वाजलेत. जुनी किणकिण त्यांच्यापासून चार ओळींत भरकटली असती. हे आज, इथेच वाजलंय. कुणीतरी कुणालातरी ठोक्याच्या आधी खूण करतंय."

गिटारवाला ताडकन उठला. "म्हणजे आत दुसरा माणूस आहे! गातोय तोच, आणि दाजी नुसते तोंड हलवतायत!"

तेवढ्यात आतून मोराचा आवाज आला, "एकदा आणखी घेऊ." बाईंनी रेकॉर्डिंग चालू केलं आणि तावातावाने निघालेल्या गिटारवाल्याच्या मागोमाग बोळातून गेल्या. त्याने दार ढकललं.

आत गात होता तो मोरच. डोळे मिटलेले, कानांवर मुका हेडफोन, त्याची वायर लोंबकळत होती. त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन ताई सूर गुणगुणत होती. चालू हेडफोन तिच्या डोक्यावर होता, मोराची जुनी कडी तिच्या हातात, आणि तो हात नवऱ्याच्या खांद्यावर ठेका देत होता.

"दाजी!" गिटारवाला डावीकडून ओरडला.

मोर गातच राहिला.

ताईने भावाला दंडाला धरून बोळात आणलं. "डावा कान पार गेलाय. उजव्यानं थोडंसं येतं. कडी घातली की हाताला भार येतो, त्यांना ठेका नीट कळतो."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर बहिऱ्याबरोबर वाजवलं असतंस? खरं बोल." ती लगेच पुढे म्हणाली, "स्टेजवर त्यांच्या डावीकडे कोण उभं असायचं रे?"

डावीकडे गिटारवालाच असायचा. त्याच्या मागे पुरुषभर उंचीचे स्पीकर असायचे. मोराचा आवाज बुडावा म्हणून तो रोज त्यांचं बटण थोडं आणखी पिळायचा, हे बटणाला आणि त्यालाच ठाऊक होतं.

तो कोचाकडे गेला, गिटारीच्या पेटीतून कापडी चिकटपट्टी काढून आणली आणि दातांनी तोडत बहिणीच्या हातातली कडी एकेक करून गुंडाळली. जुन्या सवयीने, दोन वेढे आणि वर अंगठ्याचा दाब. मग तिच्याबरोबर आत जाऊन मोराच्या उजव्या बाजूला उभा राहिला.

"पुन्हा घेऊया, दाजी? मी इथेच थांबतो."

मोराने डोळे उघडले. त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग बायकोकडे वळून, आपण हळू बोलतोय अशा समजुतीने, सगळ्या स्टुडिओला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचारलं,

"हा एवढा गोड का वागतोय? काहीतरी शिजतंय याचं. लक्ष ठेव."