मचाण की खोगीर

श्यामकांत वैशंपायन निवृत्त झाले, पण त्यांचा संशय काही निवृत्त झाला नाही. वन्यजीव खात्यात चोरटे शिकारी पकडण्यात त्यांची उभी नोकरी गेली होती. पेन्शन सुरू झाली, राजधानीत, द्वारकेच्या एका सोसायटीत सातव्या मजल्यावर ते येऊन राहिले, आणि जंगल सुटलं, शिकारीही सुटले. आता संशय घ्यायचा तरी कुणाचा? उरले दूधवाला, सोसायटीचा सेक्रेटरी आणि बायको. दूधवाला प्रामाणिक निघाला. सेक्रेटरीच्या नादी कोण लागणार!

तर एका सकाळी ते पाणी प्यायला स्वयंपाकघराकडे निघाले आणि दाराशीच थबकले. सरलाबाई फोनवर दबक्या आवाजात बोलत होत्या. "मचाण नकोच म्हणते मी... झाड किती उंच असतं गं? आणि दोर तुटला म्हणजे?"

श्यामकांतांची तहानच पळाली. मचाण! हा शब्द जन्मभर त्यांनी जंगलात ऐकला, आरोपीच्या तोंडून ऐकला, कोर्टात ऐकला. तो आज त्यांच्या स्वतःच्या ओट्यापाशी, फोडणीच्या वासात ऐकू येत होता. त्यांना पाहताच सरलाबाईंनी "चल, ठेवते हं" म्हणून फोन बंद केला आणि पिठाच्या डब्यात नको तितकं डोकं घातलं.

"कोण होतं?"

"लता."

लता म्हणजे मराठी महिला मंडळातली मैत्रीण. मंडळातल्या बायका मचाणावर चढून भजन करतात की काय? पाणी कुठंतरी मुरतंय, हे त्यांनी ओळखलं. पण मुरलेला अधिकारी लगेच झडप घालत नाही, सावज पुढे येऊ देतो.

सावज दुसऱ्याच दिवशी पुढे आलं. मेथीचा पराठा वाढता वाढता सरलाबाई म्हणाल्या, "अहो, मचाणावरून माणसं पडतात का हो?"

"का?"

"सहज. टीव्हीवर दाखवत होते."

"कुठल्या चॅनलवर?"

"आता चॅनल कोण लक्षात ठेवतं? दही घ्या."

श्यामकांतांनी दही घेतलं, पण ते गोड लागलं नाही. कुणीतरी बायकोला हाताशी धरलंय, असं त्यांच्या मनाने घेतलं. ज्यांना आपण तुरुंगात धाडलं त्यांच्यापैकीच कुणी असेल. किंवा याहूनही वाईट म्हणजे घरातलंच काही असेल. सहा महिन्यांपूर्वी श्रीरंगचा, म्हणजे मिशिगनला असलेल्या त्यांच्या मुलाचा, खांदा मोडला होता. बर्फावरून घसरला म्हणे. तेव्हाही सरला अशीच डब्यात डोकं घालून बोलत होती. त्या वेळी त्यांनी सोडून दिलं होतं आणि त्याचा आता त्यांना पस्तावा होत होता.

शनिवारी सरलाबाई निघाल्या. "कस्तुरबा गांधी मार्गावर जाऊन येते. सदनात मंडळाची मीटिंग आहे." सगळं ठीक होतं, फक्त अंगात पंजाबी ड्रेस आणि पायात स्पोर्ट्स शूज होते. सदनातल्या मीटिंगला ही बाई आजवर नारायणपेठी नेसून जात आली होती! श्यामकांतांनी दोन मिनिटं जाऊ दिली, डोक्यावर टोपी चढवली आणि मागोमाग निघाले.

मेट्रोत त्या महिलांच्या डब्यात चढल्या. हे त्याच्या लगतच्या डब्यात, दोन्ही डबे जोडले जातात तिथे उभे राहिले आणि मान उंचावून पाहू लागले. एका मुलीने त्यांना सुनावलं, "अंकलजी, आगे लेडीज है." आयुष्यभराची अब्रू अशी ब्लू लाइनवर जायला लागली. तरी ते हलले नाहीत. बाराखंबा रोड आलं. कस्तुरबा गांधी मार्गासाठी इथेच उतरायचं. सरलाबाई उठल्या नाहीत. मंडी हाउस गेलं, यमुना गेली, आणि गाडी थेट वैशालीला जाऊन थांबली. गाझियाबाद! ताकाला जाऊन भांडं लपवणारी बायको ठाऊक होती, पण ही तर ताकाला म्हणून निघून भलत्याच गावात पोचली होती. श्यामकांतांनी टोपी आणखी खाली ओढली. राग होता, पण रागाच्या तळाशी भीती होती, आणि ती त्यांना मुळीच आवडली नाही.

तिची ई-रिक्षा पुढे, यांची मागे. कारखान्यांच्या वस्तीत एका शेडच्या फाटकातून ती आत गेली. हेही थोड्या वेळाने आत घुसले. आत शिलाई मशिनांची रांग होती, जाड पट्ट्यांची वेटोळी होती, लोखंडी आकडे होते. आणि भिंतीला टेकवून ठेवली होती मचाणं! लोखंडाची, हिरव्या-तपकिरी रंगाची, घडी होणारी, एक-दोन नव्हे, चांगली ढीगभर. एवढा मुद्देमाल त्यांना अख्ख्या नोकरीत कधी एका जागी सापडला नव्हता.

जुनी सवय उसळून आली. मागच्या अंगणात धावत जाऊन ते गरजले, "कोई हिलेगा नहीं!"

"मी लटकलेय," वरून आवाज आला, "हलणार नाही तर काय करणार?"

अंगणात एक कडुलिंब होता. त्याच्या खोडाला दोर बांधला होता, आणि त्या दोराला, जमिनीपासून पुरुषभर उंचीवर, चौसष्ट वर्षांच्या सरलाबाई लोंबकळत होत्या. कमरेखाली रुंद पट्ट्यांची झोळी, पाय खोडाला टेकवलेले, ओढणी गळ्याभोवती घट्ट बांधलेली. खाली एक गृहस्थ दोन्ही हात वर करून उभे होते. ते श्यामकांतांना घाबरले होते की वहिनी पडतील म्हणून, हे सांगणं कठीण.

"हे गुणवंत," सरलाबाईंनी वरूनच ओळख करून दिली. "लताचे दीर. मूळ इचलकरंजीचे. अमेरिकेला माल पाठवतात. धनुष्यबाणाने हरणं मारणारे लोक असतात ना तिकडे, त्यांच्यासाठी. ते मचाण, आणि मी बसलेय ते खोगीर. सॅडल म्हणतात. मी दोन्हीत बसून बघायला आले."

"तू हरणं मारणार आहेस?"

"मी नाही." सरलाबाई किंचित गोल फिरल्या, खोडाला पाय लावून पुन्हा समोर आल्या आणि एका दमात बोलून गेल्या. "श्रीरंग. तो बर्फावरून घसरला नव्हता. मचाणावरून पडला होता. दोन वर्षं झाली, ऑफिसातल्या मित्रांबरोबर जातो. परवाना काढून जातो, चोरून नाही. उल्का, सून आपली, रोज फोनवर रडते. ती म्हणते खोगीर घे, हा म्हणतो मचाणच बरं. मला त्यातलं काय कळतं? म्हटलं, ज्यात माझं पोर बसणार त्यात आधी मी बसून बघते."

श्यामकांतांच्या कानशिलांत रक्त चढलं. स्वतःचा मुलगा! ज्या हातांनी त्यांनी जंगलात मचाणं तोडून खाली पाडली, त्याच हातांनी याला शाळेत पोचवलं होतं. आणि हरणच? दुसरं काही नाही, हरणच?

"मला हे सांगायला नको होतं?"

"कशी सांगणार?" सरलाबाईंचा आवाज चढला. "श्रीरंगच्या मुंजीत विनायकभावजींनी मृगाजिनाचा तुकडा आणला होता. बोटभर तुकडा. तुमच्या आजोबांच्या मुंजीपासून पेटीत जपलेला. तो जानव्याला बांधायचा, एवढंच. तुम्ही भर मांडवात सख्ख्या भावाला कायद्याचं कलम ऐकवलंत. ते जेवणाच्या ताटावरून उठून गेले. पुन्हा तुमच्याशी बोलले नाहीत, तुम्हीही बोलला नाहीत. शेवटी ते गेल्यावर तुम्ही विमानाने पुण्याला पोचलात. तेव्हा बोलायला कोण होतं तिथे?"

श्यामकांत फाटकाकडे वळले. चार पावलं गेलेही. सरलाबाईंनी डोळे मिटून घेतले. ज्याला ती सहा महिने भीत होती तेच आता होणार, हे तिला दिसलं. हा माणूस घरी जाईल, फोनवरचं मुलाचं नाव पुसून टाकेल आणि मग मेल्यावरच तोंड बघेल. हिचं तर दोघांत मरण.

श्यामकांतांच्या डोळ्यांपुढे मात्र विनायक होता, पुण्याच्या हॉलमध्ये पांढऱ्या चादरीखाली. त्या दिवशी त्यांना किती बोलायचं होतं! मांडवात बरोबर आपणच होतो, हे त्यांना आजही वाटत होतं. पण बरोबर असल्याचा त्या हॉलमध्ये काडीचा उपयोग झाला नव्हता. त्यांचं पाऊल अडलं. ते उलटे फिरले आणि झाडाखाली येऊन त्यांनी दोर हातात धरून ओढून पाहिला.

"गुणवंतराव, चढताना हा कुठे असतो?"

"हा नाही साहेब, हा वर गेल्यावर. चढताना कमरेचा दुसरा दोर खोडाभोवती. जमिनीपासून वरपर्यंत माणूस झाडाला बांधलेलाच असतो."

"आणि मचाणाला?"

"पट्टा त्याच्यासोबतही देतो आम्ही. पण लोक वर जाऊन बसल्यावर लावतात. आधी लावा म्हणून सांगून थकलो."

श्यामकांतांनी मान हलवली. मचाणाखाली पाठ मोडून पडलेली माणसं त्यांनी पाहिली होती. बसलेला क्वचितच पडतो. पडतो तो चढताना आणि उतरताना, विशेषतः उतरताना, पाय आखडलेले असताना. त्या माणसांची तेव्हा त्यांना कधी फारशी दया आली नव्हती. आज त्यांच्यातला एकेक चेहरा आठवायला लागला आणि प्रत्येक चेहरा श्रीरंगचा दिसायला लागला.

"खाली घ्या तिला," ते म्हणाले. सरलाबाई जमिनीवर आल्या तेव्हा त्यांनी हात पुढे केला. "कसं वाटलं?"

"मांड्या काचतात. पण भरवसा वाटतो."

परतीच्या मेट्रोत दोघं एक अक्षर बोलली नाहीत. सरलाबाई तिरप्या नजरेने त्यांच्याकडे पाहत होत्या. आता संशय घेण्याची पाळी त्यांची होती. हा माणूस गप्प का? मनात काय शिजतंय याच्या?

संध्याकाळी, तिकडे सकाळ उजाडली असेल अशा बेताने, श्यामकांतांनी सरलाबाईंचाच फोन मागून घेतला आणि नंबर लावला.

"हं आई, बोल."

"आई नाही. मी."

पलीकडून दबका आवाज आला, "बाबा... आईने सांगितलं?"

"मी विचारतो तेवढ्याचं उत्तर दे. झाडावर चढताना दोर कधी बांधतोस? खालून, की वर पोचल्यावर?"

"वर... वर पोचल्यावर."

"म्हणूनच पडलास. उतरताना पडलास ना?"

"हो. बाबा, तुम्हाला कसं..."

"मचाण टाकून दे. खोगीर घे. पाय जमिनीवर असतानाच कमरेचा दोर खोडाभोवती पडला पाहिजे, आणि पाय परत जमिनीला लागल्याशिवाय सुटता कामा नये. कळलं?"

"हो." आणि चाळिशीला आलेला मुलगा लहान मुलासारखं म्हणाला, "बाबा, तुम्ही माझ्याशी बोलणं टाकणार का?"

सरलाबाई ओढणीचं टोक मुठीत धरून उभ्या होत्या.

"मी रागावलोय," श्यामकांत म्हणाले. "चांगलाच रागावलोय, आणि तो राग जाईल असं वाटत नाही. मी जन्मभर हरणाच्या बाजूने उभा राहिलो, आजही त्याच्याच बाजूने आहे. तेव्हा मला तिथलं काही सांगत बसू नकोस." त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "फक्त झाडावरून उतरलास की मला फोन करायचा. इथे कितीही वाजलेले असोत. हरीण मिळालं की नाही ते बोलायचं नाही. उतरलो, एवढंच म्हणायचं."