तिसरी जागा

"सहा," तो वाफ्यात वाकूनच म्हणाला.

"सहा," तिने मोठ्याने परत म्हटलं आणि मग लिहिलं.

पद्धतच होती तशी. गव्हावरच्या तांबेऱ्याची, म्हणजे पानांवर विटकरी पुरळ उठवणाऱ्या रोगाची, पाहणी करताना एकाने वाकून पान बघायचं आणि शून्य ते नऊमधला आकडा पुकारायचा. शून्य म्हणजे पान स्वच्छ, नऊ म्हणजे पान कामातून गेलं. दुसऱ्याने तो आकडा तसाच्या तसा मोठ्याने परत म्हणायचा आणि मगच कागदावर उतरवायचा. खाडाखोड चालायची नाही. उघड्या रानात वारा अर्धा शब्द पळवून नेतो, म्हणून कुणा जुन्या शहाण्याने ही सवय लावून दिली होती, आणि संशोधन केंद्रात एकदा लागलेली सवय कुणाच्या बापाला सुटत नाही.

वाफ्यांवर नावं नव्हती, नुसते क्रमांक. कोणता क्रमांक कुणाच्या वाणाचा, ते मुख्य कार्यालयातल्या बंद पाकिटात. पाहणाऱ्याला काही कळू नये, त्याचा लोभ किंवा राग पानावर पडू नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. आणि ज्याचं वाण चाचणीत आहे, त्याने तर त्या दिवशी बांधाकडे फिरकायचंसुद्धा नाही.

आणि ती हातात पॅड घेऊन शेताच्या मधोमध उभी होती.

चूक तिचीच होती. आकडे लिहिणाऱ्या सहायकाचा घसा सकाळी साफ बसला. त्याला परत म्हणायला आवाजच फुटेना. मुख्य कार्यालयातून आलेला निरीक्षक, गोल पोटाचा, डोक्यावर भली मोठी टोपी घातलेला गृहस्थ, बांधावर उभा राहून म्हणाला होता, "लिहायला कुणी आहे का, की मीच लिहू? माझं अक्षर मला स्वतःलाच वाचता येत नाही, आधीच सांगून ठेवतो." ती काहीतरी निमित्त काढून तिथे घुटमळत होती. "मी मोकळी आहे," असं तिच्या तोंडून गेलं, आणि कुणी काही म्हणायच्या आत तिने पॅड उचललं. तिच्या नवऱ्याने वर पाहिलं. तो इथला रोगतज्ज्ञ. सगळं केंद्र त्याला डॉक्टर म्हणायचं, आणि कामाच्या जागी तीही. त्याच्या भुवया वर गेल्या, पण तोवर निरीक्षक पहिल्या वाफ्याकडे निघालाही होता. निरीक्षकाला बिचाऱ्याला ती कोण, कुणाची कोण, काही ठाऊक नव्हतं. त्याच्या लेखी ती केंद्रातली एक बाई होती.

तिला फक्त बघायचं होतं. दहा-अकरा वर्षं जिच्यामागे गेली, ती आपली तिरकी रोगासमोर कशी उभी राहते, एवढंच. तिरकी हे तिने घडवलेल्या वाणाचं घरचं नाव. ओंबी भरायला लागली की हे वाण मान जराशी एका बाजूला टाकायचं, म्हणून. सासूबाई जेवताना थट्टा करायच्या, "आमच्या घरात दोन लेकरं. एक बोलतं, एक डोलतं. आईचा जीव डोलणाऱ्यावर जास्त." नवऱ्यानेही तिरकीचं कौतुक वर्षानुवर्षं ऐकलं होतं, पण कानांनीच. तिच्या वाफ्यांत त्याने पाऊल टाकायचं नाही, हा करार लग्नाइतकाच जुना होता. एकाने वाण घडवायचं, दुसऱ्याने त्याची परीक्षा घ्यायची, तर मध्ये भिंत हवीच. ती भिंत दोघांनी आजवर इमानाने सांभाळली होती.

"तीन."

"तीन."

"आठ. हे तर गेलंच."

"आठ."

निरीक्षक मागून रुमालाने मान पुसत येत होता. "डॉक्टर, तुम्ही आकडे सांगता की पोरांचे निकाल वाचता? जरा हसून तरी नापास करा."

तो हसला नाही. काम करताना तो कधीच हसत नसे. पुढच्या वाफ्यात वाकला, पान बोटांवर उताणं केलं, अंगठ्याने पुसलं. अंगठा विटकरी झाला.

"सात."

ती बोलायला गेली आणि तिची नजर पानावरून वर ओंबीकडे गेली. ओंबीने मान एका बाजूला टाकली होती. शेजारचीनेही, त्यापलीकडचीनेही.

"सात," ती म्हणाली. आवाज मध्येच चिरकला.

तो तसाच वाकलेला राहिला. मग हळूच त्याची मानही वर झाली. पानं बघणारा माणूस तो, ओंब्यांकडे त्याचं कधी लक्षच नसे. आता त्याने त्या पाहिल्या, मग तिच्याकडे पाहिलं. तिने खाली कागदाकडे बघितलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. बंद पाकीट तिनेच आपल्या घशाने फोडलं होतं.

प्रत्येक वाण शेतात तीन जागी पेरलेलं होतं. तिन्ही जागी आकडा पाचच्या वर गेला की वाण कायमचं बाद. एका जागी जरी पाचच्या आत राहिलं, तर पुढच्या हंगामात आणखी एक संधी. तिरकीची एक जागा गेली होती. दोन बाकी होत्या.

पुढचे आकडे तिने कसे म्हटले तिचं तिलाच ठाऊक. तोंड म्हणत होतं, हात लिहीत होता, डोळे मात्र पुढच्या वाफ्यांवरून धावत होते, ओंब्यांच्या माना शोधत होते. त्याचेही धावत असणार. कारण तो आता पानाला हात लावायच्या आधी वर बघू लागला होता, आणि इतक्या वर्षांत तिने त्याला असं करताना पाहिलं नव्हतं. माझ्यामुळे याची नजर बाटली, असं तिला वाटलं, आणि त्याच दमात असंही वाटलं की बाटू दे, एकदाच बाटू दे.

दुसरी जागा शेताच्या मध्यावर आली. तो थांबला. वाकला. पान उताणं केलं, दुसरं केलं, तिसरं केलं. निरीक्षक अगदी मागे उभा होता. तिला एवढ्या अंतरावरूनही दिसत होतं. पानावर विटकरी पुरळ नुसतं दाटलं होतं, पहिल्या जागेपेक्षा कणभर कमी नाही.

"चार," तो म्हणाला.

चार. म्हणजे पाचच्या आत. म्हणजे पुढचा हंगाम, म्हणजे पुन्हा पेरणी, पुन्हा आशा. नुसतं परत म्हणायचं होतं. आजवर ज्याने संचालकांच्या वाणालासुद्धा कधी अर्ध्या आकड्याची सूट दिली नाही, त्याने तिच्यासाठी तीन आकड्यांची सूट दिली होती. तिला त्याच्यावर जीव ओवाळून टाकावासा वाटला, आणि लगेच त्याचा भयंकर राग आला. दया केली होती त्याने. तिच्या दहा-अकरा वर्षांवर त्याने दया केली होती. आणि उद्या हेच बी कुणीतरी विश्वासाने पेरलं असतं, आणि रान उभ्याउभ्या विटकरी झालं असतं.

"सात," ती म्हणाली.

वारा पडला होता. ऐकण्यात चूक व्हायला जागाच नव्हती.

"काय म्हणालात बाई?" निरीक्षक पुढे आला. "डॉक्टर तर चार म्हणाले."

नवरा वाकलेलाच होता. त्याच्या मानेवर घामाची ओळ चकाकत होती.

"सातच," शेवटी तो म्हणाला. "जीभ घसरली माझी."

निरीक्षकाने पोट सावरत खाली वाकून स्वतः पान पाहिलं. गृहस्थ विनोदी होता, पण कच्चा नव्हता. बराच वेळ त्याने पान सोडलं नाही. सरळ झाला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरची थट्टा पुसली गेली होती.

"सात बरोबर आहे," तो म्हणाला. "ऊन आहे, जीभ एकदा घसरते, मी काही मनावर घेत नाही. पण डॉक्टर, पुन्हा तुमचा आकडा एक आणि यांचा दुसरा असं झालं, तर मला काम थांबवावं लागेल. मग चौकशी. तुम्ही कोण, बाई कोण, कुणाचं वाण कुठे, सगळंच निघतं मग. आणि आजवरचे सगळे आकडे पुन्हा तपासायचे. ती पीडा मला नको आणि तुम्हालाही नको."

"नाही होणार," नवरा म्हणाला.

"लिहा बाई. सात."

तिने लिहिलं.

पुढे कुणी थट्टा केली नाही. आकडे येत राहिले, जात राहिले. तो तिच्याकडे बघत नव्हता. त्याच्या नावाला आजवर कुणी बोट लावलं नव्हतं. दूरदूरची केंद्रं भांडण झालं की याला बोलवा म्हणायची, कारण हा कुणाचा नाही. चौकशीत पहिलाच प्रश्न आला असता की लिहिणारी बाई डॉक्टरांची कोण. मग त्याने एकदा सोडून शंभरदा खरं सांगितलं असतं, तरी कुणाला पटलं नसतं.

ऊन चढलं तसा निरीक्षक पंपघराच्या सावलीत जाऊन टेकला. "इथून ऐकतो मी," तो ओरडून म्हणाला. "दोघंही मोठ्याने पुकारा."

तिसरी जागा शेवटच्या रांगेत होती. तिने लांबूनच ओळखली. त्यानेही ओळखली असावी, कारण त्याचं पाऊल जड झालं. तो वाफ्याजवळ आला आणि उभाच राहिला. हात खिशात घातले. नजर कुठेतरी पलीकडे कुंपणावर लावली.

"सात," तो मोठ्याने म्हणाला.

या खेपेला तो वाकलाच नव्हता.

तिने खाली पाहिलं. मग गुडघ्यावर बसली, पान हातात घेतलं. हिरवं होतं. चार-दोन ठिपके, तेही आक्रसलेले, जणू रोगाने दार ठोठावलं आणि कुणी कडीच काढली नाही. दुसरं पान तसंच. खालचं तसंच. बोट फिरवलं तर बोट स्वच्छ. आजूबाजूला रोग पसरवायला मुद्दाम लावलेल्या ओळी विटकरी होऊन माना टाकून पडल्या होत्या, आणि त्यांच्या मधोमध तिरकी उभी होती. दोन म्हणता आले असते. फार कडक माणसाने तीन म्हटले असते. का, ते तिला ठाऊक नव्हतं. पंपघराच्या आडोशामुळे असेल, मातीमुळे असेल, किंवा झाडात खरंच काही असेल. ते शोधायलाच तर पुढचा हंगाम हवा होता.

दोन हा शब्द तिच्या जिभेवर येऊन बसला.

"बाई?" सावलीतून हाक आली. "सात ना?"

नवऱ्याचे हात खिशातच होते. कोपर अंगाशी घट्ट दाबलेले. तो कुंपणाकडे बघत होता आणि वाट बघत होता. मघाशी ती खरं बोलली होती, तेव्हा गेलं ते तिचं एकटीचं गेलं होतं. आता खरं बोलली असती तर त्याचं गेलं असतं.

ती उठली. गुडघ्याची माती झटकली.

"सात," तिने मोठ्याने म्हटलं, आणि लिहिलं.

"झकास," निरीक्षक म्हणाला. "थांबा जरा, पाणी पिऊन येतो. तुम्हाला आणू का?"

दोघांनी नको म्हटलं. तो पंपघराच्या मागे गेला. पहिल्यांदाच दोघं एकटे होते. तिच्या नवऱ्याने खिशातून हात काढले आणि तोंडावरून फिरवले. अंगठ्यावरचा विटकरी रंग गालाला लागला.

"मघाशी मी मूर्खपणा केला," तो हलक्या आवाजात म्हणाला. "तू होतीस म्हणून वाचलो."

गुडघ्याला उरलेली माती ती पुन्हा झटकू लागली.

"आणि आत्ता बघवलंच नाही गं मला. तिसऱ्यांदा तेच बघायचं म्हणजे... न बघताच सांगितलं मी. आयुष्यात पहिल्यांदा." तो थांबला. मग त्याने विचारलं, "तू बसून बघितलंस ना? इथे तरी काही बरं होतं का?"

तिने पॅडवरचा कागद सारखा केला. वाफ्याकडे पाठ केली.

"नाही," ती म्हणाली. "सगळीकडे सारखंच होतं."

त्याने छातीत कोंडलेला श्वास सोडला. चेहरा उतरला होता, पण खांदे सैल पडले होते.

"मग निदान चुकीचं तरी काही झालं नाही," तो म्हणाला, आणि पुढच्या वाफ्यात वाकला.