मी मीठ नाही

मी दगडच बोलतोय. हसू नका. तुमच्यात एखाद्याला काही कळेनासं झालं की तुम्ही त्याला दगड म्हणता. पोराला मार्क कमी पडले की त्याच्या डोक्यात दगड भरलेत म्हणता. आम्ही मात्र आजवर एकमेकांना ‘अगदीच माणूस आहेस’ असं म्हणून हिणवलेलं नाही.

माझं खरं नाव कॅल्साइट. डोंगराच्या एका फटीत पाणी झिरपत राहिलं आणि थेंबाथेंबाने मी वाढलो. रंग दुधी, आकार मुठीएवढा आणि कोपरे सगळे तिरके. भूशास्त्राची पोरं सहलीला आली, त्यांनी हातोडीने मला मोकळं केलं आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत आणलं. तिथे माझे भाऊबंद आधीच पुष्कळ होते, म्हणून माझी रवानगी खालच्या कप्प्यात झाली. वर काचेच्या कपाटात, मानाच्या जागी बसलं होतं मीठ. समुद्राचं नव्हे, खाणीतलं सैंधव. दिसायला बरंचसं माझ्यासारखं, फक्त त्याचे कोपरे काटकोनात.

त्या काळी पोरं दगड चाटायची. खोटं नाही सांगत. खारट लागलं की मीठ, इतकी सोपी ओळख दुसरी नाही. पण एकदा एकाने ॲसिड लावलेला नमुना चाटला, जीभ पोळून घेतली आणि सरांनी फर्मान काढलं, यापुढे कोणी काहीही चाटायचं नाही. सर कडक होते. सगळ्यांनी मुकाट्याने ऐकलं.

त्याच वर्षी वर्गात एक पैलवान होता. फुंकर मारली तर उडेल असा किडकिडीत, म्हणून पैलवान. आणि सदा भुकेला. त्याच वर्गात भिंगबाई होती. तिच्या गळ्यात कायम भिंग लटकलेलं, आणि हाती येईल तो दगड ती डोळ्याला लावून बघायची. मलाही तिने एकदा कप्प्यातून काढलं, इकडून तिकडून न्याहाळलं आणि म्हणाली, “काय सुरेख तिरका आहेस रे तू!” दगडाशी बोलणारी माणसं थोडी असतात. मला ती आवडली.

पैलवान दुपारी डब्यात काकडी आणायचा. एकदा मीठ विसरला. त्याने कपाट उघडलं, सैंधव काढलं, चाकूने थोडं खरवडलं आणि काकडीवर भुरभुरलं. चव जिभेला लागली, मग रोजचंच झालं. सैंधव झिजून बोराएवढं उरलं तेव्हा कुठे त्याचं धाबं दणाणलं. उरलेला खडा त्याने तोंडात टाकला, कप्प्यातून मला उचललं आणि मिठाचं नाव लिहिलेल्या चिठ्ठीमागे नेऊन ठेवलं. मला बसायला काचेचं कपाट मिळालं, पण नाव गेलं.

आठवड्याभरात तोंडी परीक्षा आली. बाहेरचे परीक्षक, शेजारी आमचे सर, समोर भिंगबाई. पास झाली तर भूशास्त्र हाच तिचा मुख्य विषय होणार होता. परीक्षकांनी मला तिच्या हातात दिलं.

“कॅल्साइट,” ती म्हणाली.

परीक्षकांनी कपाटातून माझ्याबरोबर आणलेली चिठ्ठी पाहिली. “पुन्हा बघा. मीठ नाही वाटत?”

“कोपरे तिरके आहेत, सर. मिठाचे सरळ असतात.”

“बाई, हे मीठच आहे. स्वयंपाकघरात कधी पाऊल टाकता की नाही?”

मागे रांगेत उभी असलेली पोरं खो-खो हसली. सरांनीही चिठ्ठीकडे पाहून मान डोलावली. मी आतल्या आत तळमळत होतो. खरं सांगणारी समोर उभी होती आणि तिच्या बाजूने बोलायला माझ्याजवळ तोंड नव्हतं. त्यानंतर तिची बोबडीच वळली. पुढचे अगदी सोपे नमुनेही तिला ओळखता येईनात. ती नापास झाली, भूशास्त्र सोडून अर्थशास्त्राला गेली आणि जाताना गळ्यातलं भिंग काढून टेबलावर ठेवून गेली.

पुढे पंचवीसेक वर्षं मी मीठ म्हणून बसून काढली. दोन-चार पोरांना माझे कोपरे खटकले, नाही असं नाही. पण चिठ्ठीशी वाद कोण घालणार? ‘खनिज मीठ’ असं लिहून तीही मोकळी झाली.

गेल्या वर्षी प्रयोगशाळा नव्या इमारतीत हलायची ठरली, म्हणून ती जुनी बॅच जमली. कोणाचे केस गेले होते, कोणाचा आवाज बसला होता. पैलवान ड्रायव्हिंग स्कूल चालवतो आणि आता खरोखरच पैलवान दिसतो. निवृत्त सरही काठी टेकत आले होते.

“एवढं भूशास्त्र करून दगडांत राहिलं कोण?” एका बँकवाल्याने विचारलं.

“मी आहे की,” एक जण म्हणाला. “फरशांचं दुकान आहे माझं.”

“अर्थशास्त्रवाले आपल्याला दगडफोडे म्हणायचे, आठवतं?”

अशा गप्पा रंगल्या होत्या. भिंगबाई मैत्रिणीने फारच गळ घातली म्हणून आली होती. बरोबर तिची लेक. लेकीला भूशास्त्र घ्यायचं होतं आणि आई आठवडाभर नाही म्हणत होती.

“अगं, घेऊ दे की तिला,” मैत्रीण म्हणाली.

“नको. आमच्या रक्तातच ती नजर नाही. मी बघितलंय करून.”

लेक खाली मान घालून बसली. तेवढ्यात पैलवानाला काकडी आठवली. त्याने हातवारे करत सगळा किस्सा सांगितला. सैंधव कसं संपवलं, मला कसं बसवलं. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. एक भिंगबाई तेवढी हसली नाही.

“कधी केलंस हे?”

“दुसऱ्या वर्षाला गं. तोंडी परीक्षेच्या आधी...” एवढं बोलून त्याचा चेहरा उतरला. रांगेत मागे उभं राहून हसणाऱ्यांत तोही होता.

सर उठले. त्यांनी मला कपाटातून काढलं आणि ड्रॉपरने ॲसिडचा एक थेंब माझ्यावर सोडला. मीठ अशा वेळी ढिम्म बसतं. कॅल्साइट फसफसतं. मी तर असा फसफसलो की विचारू नका. दगडाला पाझर फुटतो म्हणतात, मला फेस आला.

“मी शेजारीच बसलो होतो,” सर तिला म्हणाले. “दगड बघायचा सोडून चिठ्ठी बघितली मी. चुकलो, बाळ.”

ती स्टुलावर बसली. एकदा हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम.

“दोन लगाव मला,” पैलवान म्हणाला.

“थांब रे. आधी नीट श्वास घेऊ दे.” तिने चष्मा पुसला. “घरात पडद्याचा रंग निवडायचा झाला तरी मी ह्यांना पुढे करते. मला वाटायचं, आपलं बघणंच चुकीचं. म्हणजे माझे डोळे ठीक होते.”

“ठीक? सगळ्या वर्गात तुझेच उघडे होते,” सर म्हणाले.

लेक हळूच म्हणाली, “आई, मग मी...”

“घे. उद्याच जाऊन सांग.” मग पैलवानाकडे एक नजर टाकून, “फक्त काकडीला मीठ घरून नेत जा.”

हुश्श! तिच्यापेक्षा मलाच जास्त हलकं वाटलं असेल.

आता मी नव्या इमारतीत असतो. माझ्यापुढे माझ्याच नावाची चिठ्ठी आहे, ती त्याच दिवशी भिंगबाईने लिहिली. लेक वर्गात असते, आणि परवा मला हातात घेऊन शेजारणीला सांगत होती, “हा आमच्या आईचा.” मी काय कोणाचा होणार, पण ऐकायला बरं वाटलं.

जाता जाता एक विनंती. तुमच्या घरातही कोणी एखाद्या जुन्या परीक्षेपासून गप्प बसलं असेल. त्याला किती मार्क पडले होते ते विचारू नका. त्याला तेव्हा काय दिसलं होतं, तेवढं विचारा.