ताटातले पहारेकरी

तळेबुवांना बोलायला विषय शोधावा लागत नसे, तळं पुरत असे. पाणी खात्यातले ते तळ्यांचे तज्ज्ञ. ‘तळेबुवा’ हे नाव बायकोनं ठेवलेलं, आणि आता ऑफिसातला शिपाईसुद्धा त्यांच्या पाठीमागे तेच म्हणे. स्वतःच्या वक्तृत्वावर बुवांचा भारी जीव. ऐकणाऱ्याचा जीव जाई, ती गोष्ट निराळी.

शहरातलं तळं हिरवंगार पडलं होतं. कपडे धुण्याचा साबण आणि डेअरीचं सांडपाणी यांतून पाण्यात फॉस्फरस उतरे, आणि शेवाळाला फुकटचा खुराक मिळे. बुवांनी सांडपाण्याच्या नळ्या बुजवल्या, तरी पाणी हिरवंच. खालच्या गाळात वर्षानुवर्षांचा खुराक साठलेला, तो हळूहळू वर येतच होता. मग बुवांनी दुसरं टोक धरलं. शेवाळ खातात पाणपिसवा, म्हणजे मोहरीएवढे पोहणारे जीव. त्यांना गिळतात लहान मासे, आणि लहान माशांना मोठे. म्हणून बुवांनी मोठे मासे आणून सोडले, प्रत्येकाच्या पाठीला खात्याची पिवळी चकती लावून. लहान मासे घटले, पिसवा वाढल्या, शेवाळ गेलं. दोन उन्हाळे तळ दिसत होता. त्या काळात बुवा आरशासमोर जरा जास्तच वेळ उभे राहत.

यंदा तळं पुन्हा हिरवं झालं. सोमवारी तळ्याचं काय करायचं ते ठरवायला पालिकेची समिती बसणार होती. तिला तिथं पार्किंग हवंच होतं. प्रयोग फसला एवढं ठरलं की तळं बुजवायला मातीचे ट्रक आलेच म्हणून समजा. बुवा तडक डेअरीवाल्याच्या दुकानात गेले आणि गिऱ्हाइकांदेखत ओरडले, “चोरून पाणी सोडतोस!”

“साहेब, नळी तुम्हीच सिमेंटनं बुजवलीत. उकरून बघा.”

बुवांनी खरंच उकरली. आत सिमेंटच निघालं. तरी माफी मागावी हे काही त्यांना सुचलं नाही.

रविवारी ते नेहमीप्रमाणे सासुरवाडीला जेवायला गेले. सासरे निवृत्त बसड्रायव्हर, गळ टाकून मासे धरण्याचे शौकीन. जावयाच्या पानात तळलेल्या माशाचा तळहाताएवढा तुकडा पडला. बुवांनी तो संपवला, दुसरा मागून घेतला आणि डेअरीवाल्याच्या नावानं बोटं मोडली. तेवढ्यात त्यांची लेक धावत आली. तिच्या गळ्यात पिवळ्या चकत्यांची माळ होती. चांगली दुपदरी.

“आजीनं केली!” ती म्हणाली.

बुवांचा घास तोंडातच राहिला. “बाबा, हे मासे... आपल्या तळ्यातले?”

“मग कुठले?” सासरे कौतुकानं म्हणाले. “तुम्हीच नाही का म्हणालात, तळ्यात मासे फार झालेत, कमी करायला हवेत?”

“लहान मासे, बाबा! लहान!”

“जावयाला काय काटेरी पिल्लं वाढू? आणि यांच्यावर तुमच्या खात्याची खूण. म्हटलं, जावईबापूंचे मासे जावईबापूंनाच. शेजाऱ्याला एक दिला नाही, आम्हीही चाखला नाही.”

काखेत कळसा नि गावाला वळसा! कळसा तरी काखेत होता. इथं तो पोटात. दर रविवारी बुवांनी तळ्याचे पहारेकरी चवीनं खाल्ले होते, वर रस्सा मागितला होता. आपण तासतासभर बोललो आणि त्यातलं समोरच्याला काय कळलं हे एकदाही विचारलं नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

सोमवारी समितीसमोर ‘अज्ञात इसमांनी मासे पळवले’ असं सांगायचं त्यांनी ठरवलं होतं. पण मागच्या रांगेत सासरे दिसले. इस्त्रीचा शर्ट घालून आलेले. अध्यक्षांनी “मासे कुणी संपवले?” असं विचारताच सासरे गुन्हा कबूल करायला उठू लागले. बुवा त्यांच्याआधी उभे राहिले.

“मी,” बुवा मोठ्यानं म्हणाले. “मी खाल्ले. तळून.”

सभेला आलेला डेअरीवाला म्हणाला, “म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं!” आणि सगळे हसले. बुवांनी सगळ्यांदेखत त्याची माफी मागितली. मासे होते तोवर पाणी नितळ होतं, ते खाल्ल्यावर हिरवं झालं. उपाय खरा असल्याचा याहून चांगला पुरावा कुठल्या प्रयोगशाळेत मिळणार? तळ्याला आणखी एका वर्षाची मुदत मिळाली. मासे पुन्हा सोडायचे, आणि तेही बुवांच्या पगारातून.

पुढच्या रविवारी सासऱ्यांनी ताट पुढं सरकवलं. त्यात बोटाएवढ्या माशांचा ढीग, नुसते काटे.

“तळं निवळेपर्यंत हेच,” सासरे म्हणाले.

बुवांनी समजावून सांगायला तोंड उघडलं आणि काटा लागला. दुसऱ्यांदा उघडलं, दुसरा लागला. मग ते मान खाली घालून मुकाट्यानं काटे काढत बसले. घरात कितीतरी दिवसांनी इतरांना बोलायला मिळालं.

शेवटी बायको बापाकडे वळून म्हणाली, “बाबा, हे मासे लग्नाआधी का नाही वाढलेत?”