हबानाचा भात

साहित्य

तांदूळ एक शेर. ज्वारी खाणाऱ्या घरात तांदूळ सणाला शिजतो किंवा आजाऱ्याला, त्यामुळे घरात कोण आजारी आहे हे शेजाऱ्यांना सांगायची तयारी ठेवावी.

काळे दाणे अर्धा शेर. कोणते, हे नवऱ्याला सांगता येत नाही.

कांदा, लसूण, जिरे, सांबार (म्हणजे कोथिंबीर). कच्ची केळी, वाडीतली.

तेल. खरं म्हणजे डुकराची चरबी, पण ही ओळ सासूच्या कानावर जाऊ नये.

तिखट: नाही.

(इथे वाशीमच्या कोणत्याही बाईने ऐकणं थांबवलं तर तिला दोष देता येणार नाही.)

साहित्य, राहिलेलं

नवरा. जगदेव, वय एकतीस, सात वर्षं बाहेर राहिलेला. वाशीमच्या वेशीबाहेरची केळी-वांग्यांची वाडी सोडून तो मुंबईला गेला, तिथे आगबोटीवर कोळसा ओढायला लागला आणि एका बंदरात उतरला तो परत चढलाच नाही. बंदर हबाना, मुलूख क्यूबा. तिथे चार वर्षं तो एका खानावळीत होता. काय करत होता? “कारभार पाहत होतो,” असं तो सांगे, आणि ऐकणारे मान डोलावत, कारण इतक्या लांब गेलेला माणूस कारभाराहून कमी काय पाहणार. मग तिथे साखरेचा भाव कोसळला, खानावळ बंद पडली, आणि १९३१ च्या पौषात कारभारी घरी आले.

आल्यापासून ते बाजेवर होते. वाडी बायको पाहत होती. पंचफुला तिचं नाव. मोट चालत होती, बाजार होत होता, आणि हे सगळं त्याच्यावाचून अडलं नव्हतं हा जगदेवचा पहिला अपमान. दुसरा जेवणाचा. भाकरीचे दोन घास मोडायचा आणि ताट सरकवायचा.

“होळी झाली का जातो मी,” तो म्हणाला. “मुंबईहून बोट हाय. इथं घास उतरत नाही.”

तो गेला असता तरी वाडी चाललीच असती. पण सात वर्षं प्रत्येक हळदीकुंकवाला बायकांचं बोट पंचफुलाच्या कपाळापाशी येऊन क्षणभर थांबायचं. लावावं की न लावावं? माणूस आहे की नाही? ते थांबलेलं बोट तिला पुन्हा नको होतं. बाकी नवऱ्याबद्दल फार काही वाटावं एवढा तो तिच्या ओळखीचाही नव्हता.

“तिथं कोन रांधून घालत होतं तुले?” त्याच्या आईने, गिरजाबाईंनी, विचारलं.

जगदेवने बाजेवर कूस बदलली.

“पाह्यलं?” गिरजाबाई सुनेकडे वळल्या. “बाई हाय तिथं. आता तूही तेच शिक. तिच्याहून बेस कर, मंग कसा जाते पाहू.”

अशा रीतीने पंचफुला क्यूबाचा स्वयंपाक शिकू लागली. तो तिने पाहिला नव्हता, चाखला नव्हता, आणि तो करणारी समोर आली असती तर तिला पळीनेच हाणलं असतं.

कृती: पहिली (उत्तम जमली, पण दुसऱ्याच कामाला)

काळे दाणे म्हणजे उडीद, दुसरं काय. अख्खे उडीद आणि तांदूळ एकत्र शिजवले आणि पळसाच्या पत्रावळीवर निवायला ठेवले.

पांढरा भात, त्यात काळे उडीद, पत्रावळीवर. हे आपल्याकडे माणसाला वाढत नाहीत. ज्याला बाहेरचं लागलं असेल त्याच्यावरून हे उतरवतात, तिवाट्यावर ठेवतात आणि मागे न पाहता घरी येतात. पंचफुलाला हे माहीत नव्हतं असं नाही. पण क्यूबा रांधताना वाशीम विसरावं लागतं, अशी तिची समजूत होती.

गिरजाबाई आत आल्या. थबकल्या. मग चेहऱ्यावर महिनाभरात पहिल्यांदा समाधान पसरलं.

“बेस केलं वं पोरी. मले कायले नाही सुचलं?”

तिने काही बोलायच्या आत पत्रावळ अंगणात गेली आणि बाजेवरच्या जगदेवभोवती फिरू लागली.

“माय, काय करून राह्यली? जेवन हाय ते!”

“तू नको बोलू. तिथलीच बोलून राह्यली तुह्या तोंडातून.”

सात फेऱ्या झाल्या. भात तिवाट्यावर गेला. शेजारचे उकंडराव त्या दिवशी लांबच्या वाटेने घरी गेले, आणि क्यूबाचा हा पदार्थ वाशीम तालुक्यात आवडीने खाणारा पहिला जीव म्हणून एका खरजुल्या कुत्र्याची नोंद व्हावी.

कृती: दुसरी

उडीद रद्द. वाडीतली बरबटी, म्हणजे चवळी, काळपट दाण्याची, आदल्या दिवशी भिजवलेली. सूचना बाजेवरून:

“कांदा आधी. लसूण मंग.”

“पानी तांदळावर बोटाच्या एका पेराएवढं.”

“जिरं आता.”

आता? अंगणात पडल्या पडल्या याला ‘आता’ कसं कळतं?

“कांदा लागून राह्यला! हलव!”

कांदा खरंच लागत होता. पंचफुलाने तो हलवला, आणि आणखी काहीतरी तिच्या डोक्यात हललं. कारभार पाहणाऱ्याचं नाक गल्ल्यापाशी असतं. हे नाक कढईत होतं.

मग केळी. तिने काप करून तळले आणि काढायला लागली, तोच जगदेव उंबरा ओलांडून आत. “तशे नाही! चेपाले लागते!” त्याने पाट्यावरचा वरवंटा उचलला, एकेक काप त्याखाली चपटा केला आणि पुन्हा तेलात सोडला. तो चुलीपुढे उकिडवा कधी बसला हे त्याला कळलं नाही. लसणाच्या पाकळ्या त्याच्या बोटांखाली अशा सोलल्या जात होत्या, जशा तिच्याही बोटांखाली कधी सोलल्या गेल्या नव्हत्या. मनगटापासून कोपरापर्यंत तेलाने भाजल्याचे जुने डाग. तिला ते इतके दिवस कोळशाचे वाटत होते.

“रांधनारी कोन होती तिथं?”

“कायची रांधनारी.”

“तुमीच होते.”

जगदेवने आणखी एक काप चेपला. गरजेपेक्षा बराच जास्त. “कोनाले सांगू नको.”

समुद्र ओलांडला, ते गावाने सोडून दिलं. तिथे काय खाल्लं, हे कुणी विचारलं नाही. पण बाप्यामाणसाने चार वर्षं पळी धरली, हे कळलं असतं तर वाडीतल्या केळीही खाली मान घालून उभ्या राहिल्या असत्या.

“मंग जेवत काहून नव्हते?”

“साठ मानसं माह्या हातचं खात होती, पंचफुले. इथं मोट तू हाकतं, बाजार तू करतं. मी काय करू? बाजेची दोरी मोजू?”

तिने थोडा विचार केला. थोडाच, कारण मोटेचे बैल सोडायचे होते.

“चूल घ्या तुमी.”

“अन् लोक?”

“दार लावून घ्या.”

सासूला तिने सांगितलं की या स्वयंपाकाला दार बंद लागतं, उघडं राहिलं तर नजर लागते. गिरजाबाईंना हे लगेच पटलं. पंधरा दिवस त्या तिखट नसलेल्या भातावर ठेचा घालून जेवल्या आणि म्हणाल्या, “पोरीच्या हाताले चव आली.” भात शिजत असताना पोरगी मागच्या दाराने वाडीत जाऊन वांगी तोडत असायची. जगदेवची ताटं रिकामी होऊ लागली. होळीनंतरच्या बोटीबद्दल मात्र तो काही बोलला नाही, आणि तिने विचारलं नाही.

कृती: तिसरी, साक्षीदारांसमोर

होळी दोन दिवसांवर आली. उकंडरावांची बायको प्रयागबाई स्वतःचा कांदा घेऊन हजर झाली. “मले शिकव वं. नवरा घरात टिकते म्हनतेत यानं.”

नाही कसं म्हणणार? पंचफुला चुलीपुढे बसली. जगदेव बाजेवर. त्याला खोकला झाला: कांद्याला एक, जिऱ्याला दोन.

“भाऊजीले लयच खोकला हाय.”

“समुद्राची हवा,” पंचफुला म्हणाली, आणि तेवढ्यात कांदा करपायला लागला. बाहेर खोकल्याची उबळ आली. तिने घाईने तांदूळच ओतले. उबळ थांबली.

जगदेव आत होता. “सरक.” पळी त्याच्या हातात. खालचा कांदा वर, तांदूळ एकसारखे, दाणे, पाणी, एक पेर बोट. मग त्याने वर पाहिलं. प्रयागबाईने पदर तोंडात कोंबला होता. दारात गोवऱ्या घेऊन गिरजाबाई उभ्या होत्या.

“जगदेवा,” त्या म्हणाल्या. “हे काय रे?”

तो उठला. दार उघडं होतं. दारापुढे अकोल्याची सडक, पुढे मुंबई, पुढे बोट. पंचफुला त्याच्याकडे पाहत नव्हती. ती पातेल्याकडे पाहत होती.

पातेल्याला उकळी आली.

उकळी आली की जाळ कमी करावा लागतो, नाहीतर भात खाली लागतो, आणि कधी व किती कमी करायचा हे त्या घरात एकाच माणसाला ठाऊक होतं. जगदेव पुन्हा बसला. चुलीतली दोन लाकडं बाहेर ओढली आणि झाकण ठेवलं.

“कोनी काढू नका ते,” तो तिन्ही बायकांना म्हणाला. “वेळ हाय अजून.”

प्रयागबाईने खरं तर गावभर धावायला हवं होतं. पण आत्ता गेली असती तर पुढचं चुकलं असतं, म्हणून ती आणखी ऐसपैस बसली. गिरजाबाईंनी गोवऱ्या खाली ठेवल्या, आणि दुसरं काय करावं हे सुचेना म्हणून पाट मांडायला घेतले.